पावसाळी घाटवाटांसाठी फोन पुरेल, की हँडहेल्ड जीपीएस घ्यावं?

सोंडवाट

नमस्कार मंडळी. आमचा १२-१५ जणांचा गट आहे. आजवर मळलेल्या वाटाच केल्या. या पावसाळ्यात अंधारबन, साधले घाट, पाचनईकडून हरिश्चंद्रगड असं मनात आहे. पुढे चालणारे आम्ही दोघं. माझा फोन अँड्रॉइड, ५,००० एमएएच, दोन वर्षं जुना. बजेट जास्तीत जास्त २५ हजार. प्रश्न असे:

१. रेंज नसेल तर फोनचं जीपीएस चालतं का? दोघं 'चालतं' म्हणतात, तिसरा 'नाही' म्हणतो.

२. दोन दिवस बॅटरी कशी पुरवायची?

३. वेगळं यंत्र घ्यायचंच तर कुठलं, आणि त्यात सह्याद्रीचा नकाशा टाकता येतो का?

४. उपग्रहावरून मेसेज पाठवणारी यंत्रंही मिळतात म्हणे. भाऊ अमेरिकेत असतो, त्याच्याकडून मागवू का?

नळीची वाटही यादीत आहे.

---

कारवी

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. नळीची वाट पावसाळ्याच्या यादीतून आधी काढा. ती वाट नाळेतून, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून, जाते आणि पावसात ती नाळ म्हणजे पाण्याची आणि दगडांची घसरगुंडी असते. तिथे कुठलंही यंत्र कामाचं नाही. डिसेंबरात जा.

आता प्रश्न १. तिघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. फोनमधला जीपीएस हा नुसता रेडिओ आहे. उपग्रह बोलतात, फोन ऐकतो. त्याला सिमची गरज नाही, एअरप्लेन मोडमध्येही तो चालतो. पण उपग्रह नेमका कुठे आहे हे सांगणारी माहिती उपग्रहाकडूनच ५० बिट प्रति सेकंद अशा गोगलगायीच्या वेगाने येते. १,५०० बिटांची एक फेरी, म्हणजे ३० सेकंद. रेंज असली की फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो, म्हणून शहरात ठिपका लगेच दिसतो. रेंज नसताना ती आकाशातूनच ऐकावी लागते, आणि मध्ये खंड पडला की तो तुकडा पुन्हा ऐकावा लागतो. झाडीत चालता चालता जीपीएस सुरू केलं की दहा मिनिटं ठिपका येत नाही, कारण हेच. मग माणूस म्हणतो, 'रेंजशिवाय चालत नाही.'

यावर उपाय सोपा. पायथ्याच्या गावात रेंज असतानाच नकाशाचं अ‍ॅप उघडा, ठिपका स्थिर होऊ द्या, मग एअरप्लेन मोड. ही माहिती साधारण चार तास ताजी राहते आणि जीपीएस चालू असलं की वाटेत आपोआप नवी मिळत राहते. मध्येच बंद पडलं तर मोकळ्या जागी, पठारावर वगैरे, दोन-तीन मिनिटं एका जागी उभे राहा. चालू नका.

दुसरी गफलत गुगल मॅप्सची. 'ऑफलाइन नकाशा उतरवलाय' म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ऑफलाइन असताना तो फक्त गाडीचा रस्ता सांगतो, पायी चालण्याचा नाही. आणि घाटवाटा त्यात मुळात नसतातच. किल्ल्याच्या नावाचा ठिपका दाबला की तो नकाशावर जवळ दिसणाऱ्या डांबरी रस्त्यावर आणून सोडतो. कोकणकड्याचा माथा आणि बेलपाड्याची बाजू नकाशावर शेजारी-शेजारी आहेत, मध्ये शेकडो मीटरचा कडा आहे हे त्याच्या गावीही नसतं. पायथ्याचं गाव नावाने टाका, किल्ला टाकू नका.

घाटवाटांसाठी ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स घ्या. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा, डेटा वापरतात, महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवता येतो. ऑरगॅनिक मॅप्स हलकं आहे, पूर्ण फुकट आहे, पहिल्यांदा वापरणाऱ्याला तेच द्या. ऑसमअँड डोंगराएवढं आहे, सेटिंगांत हरवायला होतं, पण ट्रॅक, म्हणजे चाललेली वाट, नोंदवण्यावर ताबा त्यातच मिळतो.

ऑसमअँडमध्ये ट्रिप रेकॉर्डिंग चालू केल्यावर तीन आकडे स्वतः भरा. नोंदीचं अंतर ५ सेकंद. किमान सरकणं ५ मीटर. किमान अचूकता ३० मीटर. दुसरा आकडा भरला नाही तर जेवायला बसल्या जागी कोळ्याचं जाळं तयार होतं आणि घरी आल्यावर १४ किलोमीटरची वाट १७ भरते. तिसरा भरला नाही तर कड्याखालून जाताना ट्रॅक मध्येच दरीपलीकडे उडी मारून परत येतो.

आणि सर्वांत जास्त घात करणारी गोष्ट: फोनचं 'बॅटरी ऑप्टिमायझेशन'. बऱ्याच कंपन्यांचे फोन स्क्रीन बंद झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मागे चाललेलं अ‍ॅप मारून टाकतात. खिशात फोन, मनात समाधान, आणि ट्रॅक पहिल्या ओढ्यापाशीच थांबलेला. अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरी 'निर्बंध नाही' करा, लोकेशनची परवानगी 'नेहमी' द्या, अलीकडच्या अ‍ॅपांच्या यादीत त्याला कुलूप लावा. मग घराजवळ तासभर स्क्रीन बंद ठेवून चालून बघा. ट्रॅक अखंड आला तरच तो फोन घाटात न्या.

प्रश्न २. एअरप्लेन मोड, स्क्रीन बंद, ट्रॅक चालू असं ठेवलं तर बऱ्या अवस्थेतला फोन तासाला ३ ते ५ टक्के खातो. स्क्रीन सतत चालू ठेवली तर १२-१५ टक्के. एअरप्लेन मोड न लावता दरीत उतरलात तर फोन टॉवर शोधत पूर्ण ताकदीने ओरडत बसतो आणि संध्याकाळी ४ ला मान टाकतो. १०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे तुमचा फोन दोनदा भरेल असं नाही. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टला चढवताना आणि फोनमध्ये भरताना जे जातं ते वजा करा, हातात दोन-तृतीयांश उरतं. म्हणजे तुमचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा.

माझं मत विचाराल तर आधी हे सगळं करा, दुसऱ्या पुढाऱ्याच्या फोनवर हुबेहूब तेच नकाशे आणि तोच ट्रॅक टाका, आणि २५ हजार खिशातच ठेवा.

---

पाणटाकं

कारवी यांच्या तयारीच्या भागाशी सहमत, शेवटच्या वाक्याशी नाही. त्यांनी लिहिलेलं सगळं नोव्हेंबर ते मे ला लागू आहे. धाग्याच्या नावात 'पावसाळी' शब्द आहे.

फोनची स्क्रीन बोटाचा विद्युतभार ओळखते. पाण्याचा थेंबही तिला बोटच वाटतो. धो धो पावसात नकाशा आपोआप सरकतो, झूम होतो, कधी ट्रॅकिंग बंदसुद्धा होतं. बोट सुरकुतलेलं असलं की खरं बोट मात्र तिला कळत नाही. प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घातला तर आतून वाफ धरते. आवाजाच्या बटणांनी झूम करायची सोय काही अ‍ॅपमध्ये असते, ती चालू करून ठेवा; पण नकाशा बाजूला सरकवायला बोटच लागतं.

त्याहून वाईट म्हणजे चार्जिंग. टाइप-सी पोर्टमध्ये ओल शिरली की बरेच फोन 'ओलावा आढळला' म्हणून चार्ज व्हायलाच नकार देतात. तो नकार योग्यच आहे, नाहीतर पिना गंजतील. पण मग बॅगेतली पॉवरबँक म्हणजे वीट. पावसाळ्यात फोनची बॅटरी ही एकदाच मिळणारी शिदोरी समजा. चार्ज करायचं ते मुक्कामी, पोर्ट कोरडं झाल्यावर. आयपी६८ चा (पाणी आत न शिरण्याचा) शिक्का नव्या कोऱ्या फोनचा, स्वच्छ पाण्यातला असतो. दोन वर्षं वापरलेल्या, एकदा काच बदललेल्या फोनला तो लागू नाही.

हँडहेल्ड यंत्राची किंमत या दोन गोष्टींसाठी मोजायची. त्याला बटणं असतात आणि त्यात सेल बदलता येतात. अचूकतेसाठी मोजत असाल तर फसाल. गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स २२एक्स घेतलं तर ते जीपीएस आणि ग्लोनास (रशियाचे उपग्रह) ऐकतं, पण एकाच फ्रिक्वेन्सीवर. आजचे बरेच मधल्या किमतीचे फोन एल१ आणि एल५ या दोन्ही फ्रिक्वेन्सी ऐकतात. कड्याखाली सिग्नल भिंतीवर आपटून येतो. एल५ चा सांकेतिक वेग एल१ च्या नागरी सिग्नलच्या दसपट असल्याने थेट आलेला आणि आपटून आलेला सिग्नल त्याला जास्त चांगला वेगळा करता येतो. तेव्हा नाळेत तुमचा फोन ईट्रेक्सपेक्षा खरा बोलू शकतो. फक्त तो बोलायला जिवंत हवा.

२२एक्सला दोन एए सेल लागतात, २५ तास चालतात असा कंपनीचा दावा. स्क्रीन २.२ इंच, उन्हात फोनपेक्षा स्पष्ट दिसते. आयपीएक्स७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ३२एक्स घेतलंत तर वर इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावरचं उंचीमापक मिळतं. २२एक्समध्ये होकायंत्र नाही हे लक्षात ठेवा: चालत असाल तरच बाण खरा, उभे राहिलात की तो कुठेही तोंड करतो. धुक्यात माणूस नेमका उभा राहूनच दिशा बघतो. जमलं तर ३२एक्स.

एक सापळा. ईट्रेक्स एसई नवं आहे, स्वस्त आहे, १६८ तास चालतं, सगळं झकास. पण त्यात नकाशा टाकता येत नाही. कोऱ्या पडद्यावर ट्रॅकची रेघ आणि तुम्ही, एवढंच. परतीची वाट पकडायला ते उत्तम. 'डावीकडची सोंड (डोंगराची उतरती धार) कुठली' या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही.

सेलबद्दल: पायथ्याच्या टपरीवर मिळणारे घड्याळातले झिंक-कार्बन सेल घालू नका, काही तासांत बसतात. कमी गळतीचे रिचार्जेबल निकेल-मेटल-हायड्राइड, २,००० एमएएचच्या आसपासचे, दोन जोड्या. आणि सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ चे. प्रकार चुकीचा ठेवला तर भरलेल्या सेलवरही यंत्र 'बॅटरी संपत आली' म्हणून घाबरवतं. सेल बदलताना झाकणाच्या रबरी कडेवर वाळूचा एक कण राहिला तरी पाणी शिरतं. बदलायचे ते पोंचोखाली, कडा बोटाने पुसून. मोसम संपला की सेल काढून ठेवा, अल्कलाइन आतच राहिले तर दिवाळीपर्यंत झरतात आणि स्प्रिंग खातात.

---

नियमानुसार

प्रश्न ४ चं उत्तर: मागवू नका. अजिबात.

नुसतं ऐकणारं जीपीएस यंत्र आणि उपग्रहाशी बोलणारं यंत्र या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इरिडियम, थुराया यांच्या उपग्रहांवर चालणारे फोन आणि गार्मिन इनरीचसारखे मेसेंजर सरकारी परवानगीशिवाय भारतात बाळगणं हाच गुन्हा आहे. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांच्याखाली लोकांवर कारवाया झाल्या आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका परदेशी धावपटूला इनरीच सापडल्यामुळेच ताब्यात घेतलं होतं. 'मला माहीत नव्हतं' चालत नाही, 'बंद होतं' हेही चालत नाही.

मॉडेलच्या नावात आकड्यामागे 'आय' आला की सावध: गार्मिनचे जीपीएसमॅप ६६आय, ६७आय, ८६आय, मोंटाना ७००आय. यांच्या पोटात इनरीच आहे. 'आय' नसलेलं ६७ वेगळं. परदेशातून कोणी प्रेमाने आणलं तर नाव नीट वाचा.

मदतीसाठी तुमच्याकडे ११२ आहे. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर मिळाला की ११२ लागतो, म्हणून 'नो सर्व्हिस' दिसलं तरी सोंडेवर चढून लावून बघा. एअरप्लेन मोड काढायला विसरू नका, गोंधळात लोक विसरतात. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर निघण्याआधी सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. एका काडीच्या रेंजवर व्हॉट्सअ‍ॅप लोकेशन जात नाही, साधा एसएमएस जातो.

---

समोच्च

वरची चर्चा यंत्रावर चालली आहे, नकाशावर कोणी बोलत नाहीये. फोन असो वा गार्मिन, आत तोच ओपनस्ट्रीटमॅप असतो, आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बहुतेक ठिकाणी एसआरटीएमच्या असतात. म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने मोजलेली उंची. दर ३० मीटरला एक आकडा. त्यावरून २० मीटरच्या अंतराने रेषा काढतात.

सह्याद्रीत याचा अर्थ काय ते बघा. १५ मीटरचा उभा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये गडप होतो. नकाशावर सुरेख, सोपा उतार दिसतो. प्रत्यक्षात तिथे दोर लागतो. शिवाय रडारने मोजलेला कडा पायऱ्या झिजल्यासारखा गोल होतो, उभी भिंत ६० अंशांचा उतार वाटते. तेव्हा 'रेषा विरळ आहेत, इथून सरळ उतरू' हा विचार पडद्यावर बघून कधीच करायचा नाही. जिथे रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे कडा नक्की आहे. जिथे विरळ आहेत तिथे कडा नाही असं मात्र सिद्ध होत नाही. नकाशाचा उपयोग आपण पदरात (कड्याखालच्या सपाटीवर) आहोत की दांडावर (डोंगराच्या धारेवर), खिंड कुठल्या हाताला राहिली, एवढं कळायला.

तुटक रेषेने दाखवलेली प्रत्येक पाऊलवाट ही माणसांची वाट नसते. कोणीतरी उपग्रहाच्या फोटोवरून आखलेली ढोरवाट असू शकते. ढोरवाट कारवीच्या झुडपांत शिरते, दहा ठिकाणी फुटते आणि पाण्यापाशी संपते. वाट ओळखायला फांद्यांवरचे कोयत्याचे जुने घाव, दगडांची लगोरी, कातळातल्या खोबण्या या खुणा पडद्यापेक्षा खऱ्या. साधले घाटासाठी बेलपाड्यातून वाटाड्या घ्या, ट्रॅक घरी आल्यावर नकाशात भरा.

आता उंची. मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहून एखादं अ‍ॅप उणे ६० मीटर दाखवतं आणि लोक फोन बिघडला म्हणतात. बिघडलेला नसतो. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती अंडाकृतीपासून, आणि नकाशातली उंची असते समुद्रसपाटीपासून. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या अंडाकृतीच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. जे अ‍ॅप ही दुरुस्ती करत नाही ते १,४२४ मीटरच्या हरिश्चंद्रगडावर साधारण १,३६० दाखवेल. दोन फोनांत असा सारखाच फरक दिसत राहिला तर कारण हेच. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'समुद्रसपाटीपासून' किंवा 'ईजीएम' असा पर्याय शोधा.

३२एक्सचं दाबावरचं उंचीमापक जास्त स्थिर, पण ते हवामानाला बळी पडतं. पायथ्याजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे ८-९ मीटर. पावसाळी पट्टा सरकताना दिवसभरात दाब चार हेक्टोपास्कलने उतरला तर मुक्कामाच्या जागी यंत्र तुम्हाला बसल्या बसल्या ३५ मीटर वर चढवेल. पायथ्याच्या गावाची उंची टाकून सकाळी जुळवा, खिंडीत किंवा माहीत असलेल्या माथ्यावर पुन्हा जुळवा.

होकायंत्राला आपल्याकडे एक सुख आहे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात एक अंशाच्या आत आहे, दुर्लक्ष करा. फोनच्या चुंबकवाल्या फ्लिप कव्हराकडे मात्र दुर्लक्ष करू नका. ते काढल्याशिवाय हवेत आठचा आकडा कितीही काढलात तरी बाण खोटाच.

---

सोंडवाट

सगळ्यांचे आभार. नळीची वाट काढली, भावाला नको म्हणून कळवलं. समोच्च यांनी जे लिहिलं ते कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दोन उपप्रश्न. ओएलएक्सवर जुनं ईट्रेक्स ३०, सहा हजारांत मिळतंय. घ्यावं का? आणि यंत्रात ट्रॅक-नकाशा टाकायचा कसा? एका मित्राचा मागच्या वर्षीचा जीपीएक्स (ट्रॅकची फाइल) आहे, फोनवर दर सेकंदाला नोंदवलेला.

---

पाणटाकं

३० हे ३२एक्सच्या आधीचं मॉडेल. होकायंत्र, उंचीमापक आहे, आतली जागा कमी. चालू अवस्थेत असेल तर वाईट नाही. बघायला जाताना या गोष्टी तपासा.

चारही बाजूंची रबरी पट्टी. ती उन्हाने चिकट होऊन सुटते, गोंदाने डकवलेली असेल तर पाण्यात भरवसा नाही. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर सोडा. जॉयस्टिक पाचही दिशांना वीस वीस वेळा दाबून बघा, हे सगळ्यांत आधी जातं. तारीख बघा. जीपीएसचे आठवडे १,०२४ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतात, तसे ते एप्रिल २०१९ मध्ये आले. फर्मवेअर (यंत्राची आतली प्रणाली) न बदललेलं जुनं यंत्र २० वर्षं मागची तारीख दाखवू शकतं. ठिकाण बहुधा बरोबर येतं, पण ट्रॅकवरच्या तारखा चुकतात. विकणाऱ्याला फर्मवेअर समोर अद्ययावत करायला लावा. शेवटी मोकळ्या मैदानात चालू करून ठिपका यायला किती वेळ लागतो ते बघा. बरेच महिने पडून असेल तर पाच-दहा मिनिटं क्षम्य. त्यानंतर सेल काढून, घालून पुन्हा चालू केल्यावर मिनिटभरात यायलाच हवा.

केबल मिनी-यूएसबी लागते. मायक्रो नाही, टाइप-सी नाही. ती आता घरात कोणाकडे सापडत नाही, विकणाऱ्याकडून मागून घ्या.

---

कारवी

ट्रॅकचं मी सांगतो.

दर सेकंदाची नोंद म्हणजे आठ तासांत २८,८०० बिंदू. ईट्रेक्सच्या ट्रॅकची मर्यादा १०,००० बिंदू. तुम्ही तसाच टाकलात तर यंत्र कुरकुर करत नाही, १०,००० नंतरचं कापून टाकतं. म्हणजे सकाळचा सोपा भाग शाबूत आणि दुपारची उतराई गायब. हे पायथ्यावर कळत नाही, वर कळतं.

संगणकावर जीपीएसबेबल या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, 'सिम्प्लिफाय' फिल्टर लावून बिंदू १,००० वर आणा. वळणं शिल्लक राहतात, सरळ रेषेतले फाजील बिंदू जातात. ५०० च्या खाली मात्र नेऊ नका. घाटातली नागमोड सरळ होते आणि रेघ कड्यावरून गेल्यासारखी दिसते. आणि ट्रॅक हा ट्रॅकच ठेवा, त्याचा 'रूट' करू नका. रूटमध्ये यंत्र बिंदूंच्या मधली वाट स्वतःच्या अकलेने जोडायला बघतं, आणि त्याची अक्कल रस्त्यांपुरती.

मग यंत्र केबलने जोडा, पेनड्राइव्हसारखं दिसेल. फाइल 'गार्मिन' फोल्डरातल्या 'जीपीएक्स' फोल्डरात. नकाशा मायक्रोएसडी कार्डावर टाकलेला बरा: कार्डावर 'गार्मिन' नावाचं फोल्डर, त्यात आयएमजी फाइल. ओपनटोपोमॅपच्या साइटवर गार्मिनसाठी तयार नकाशे आणि समोच्च रेषा वेगळ्या फाइलींत मिळतात. दोन्ही कार्डावर राहू शकतात, नावं मात्र वेगळी हवीत. कार्डाचा खाचा सेलच्या खाली असतो. यंत्रावर नकाशाच्या यादीत जाऊन मूळ नकाशा बंद करा, नाहीतर दोन नकाशे एकमेकांवर चढून काहीच वाचता येत नाही.

टाकल्यावर 'झालं' म्हणू नका. यंत्रावरच ट्रॅक उघडा, शेवटच्या टोकापर्यंत झूम करत जा. ओढे ओलांडायच्या जागा, वाट फुटते त्या जागा आणि पाण्याची टाकी वेपॉइंट (खुणेचे बिंदू) म्हणून वेगळ्या भरा, मराठी नावं दिलीत तर जुन्या यंत्रावर चौकोन दिसतील, रोमन अक्षरांत द्या. मित्राचा ट्रॅक कुठल्या महिन्यातला आहे ते विचारा. मार्चमधला असेल तर त्याने ज्या कोरड्या ओढ्यातून शॉर्टकट मारला तिथे जुलैत धबधबा असेल.

चालताना ईट्रेक्स आडवं धरा, स्क्रीन आकाशाकडे, कारण त्याचा अँटेना सपाट आहे. जीपीएसमॅप मालिकेचं वरचं जाड टोक म्हणजे गुंडाळीचा अँटेना, ते उभं धरायचं. सॅकच्या तळाशी, ओल्या कपड्यांखाली ठेवून 'सिग्नल नाही' म्हणू नये.

---

समोच्च

एक पुरवणी. ठिकाण कळवताना आकड्यांच्या लिखाणात घोळ होतो, गटातल्या सगळ्या यंत्रांचं एकच ठरवून घ्या.

हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावरचा एकच बिंदू तीन प्रकारे लिहिता येतो. दशांशात १९.३८६९४, ७३.७७६९४. अंश-मिनिट-सेकंदात १९° २३′ १३″, ७३° ४६′ ३७″. अंश आणि दशांश मिनिटांत १९° २३.२१७′, ७३° ४६.६१७′. गार्मिन उघडताच बहुधा तिसरा प्रकार दाखवतं, फोन पहिला. फोनवर कोणी 'एकोणीस अडतीस' म्हणालं आणि ऐकणाऱ्याने १९° ३८′ लिहून घेतलं, तर बिंदू २७-२८ किलोमीटर उत्तरेला सरकतो, कळसूबाईच्याही पलीकडे. रेखांशात 'सत्त्याहत्तर मिनिटं' ऐकू आली तर लगेच समजावं की हे दशांश आहेत, मिनिटं ६० च्या पुढे जात नाहीत. अक्षांशात ही खूण दर वेळी मिळेलच असं नाही. सगळीकडे दशांश, पाच स्थळं (पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर), आणि बोलताना 'दशांश चिन्ह' हा शब्द उच्चारायचा.

यंत्रात 'मॅप डेटम' (आकडे मोजायची मूळ पद्धत) डब्ल्यूजीएस८४ आहे ना बघा, जुन्या यंत्रात आधीच्या मालकाने 'इंडियन' वगैरे करून ठेवलेलं असतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट पद्धतीच्या आहेत, नव्या ओपन सिरीज डब्ल्यूजीएस८४ च्या. जुन्या शीटवरून आकडे काढून थेट यंत्रात घातलेत तर बिंदू शेजारच्या ओढ्यात पडेल.

---

सोंडवाट

ईट्रेक्स ३० बघायला रविवारी जातोय, मिनी-यूएसबी केबल मागितली आहे. एकच राहिलं: पावसात यंत्र गळ्यात अडकवावं की सॅकच्या पट्ट्याला?

---

पाणटाकं

खांद्याच्या पट्ट्याला, वरच्या बाजूला. गळ्यात नको. कातळटप्प्यावर पुढे वाकलात की ते लोंबकळून कातळावर आपटतं आणि दोरी कारवीत अडकते. कॅराबिनरच्या आकाराची पाठीमागची क्लिप बसवा आणि शिवाय हातभर नायलॉनची दोरी पट्ट्याला वेगळी बांधा, कारण क्लिपची खाच घासून सैल होते. दोरीचा रंग भडक घ्या, केशरी वगैरे. हिरव्या गवतात राखाडी यंत्र पडलं तर पायाखालीसुद्धा दिसत नाही.